रिकामे सापळे

उजाडायला थोडा अवकाश होता आणि खुर्शिदा अक्रोडाच्या बुंध्याआड दडून बसली होती. पाचवा महिना लागलेल्या बाईने दवात बसू नये, असं सासूने तिला दहादा बजावलं होतं. पण आज गुरुवार होता. दुपारपर्यंत थोरले दीर एर्गश नमनगान शहरातून यायचे होते, आणि त्याच्या आत तिला चोर पकडायचा होता.

चोर होता हे नक्की. चार दिवसांपूर्वी तिसऱ्या सापळ्याच्या चिकट पुठ्ठ्यावर तिला पतंगाचा एक सुटा पाय दिसला होता, केसाएवढा. पतंग मात्र नव्हता. पुठ्ठा उन्हात धरला तर जागोजाग पंखांची राखाडी भुकटी लागलेली, आणि चिकटा विरघळून तेलकट डाग पडलेले. म्हणजे पतंग येत होते, अडकत होते, आणि ती आठ वाजता मोजायला यायच्या आत कुणीतरी ते काढून नेत होतं.

आणि ती वेडी, गेले पाच आठवडे वहीत शून्य लिहीत होती!

लग्नाआधी सहा वर्षं ती तालुक्याच्या जैविक प्रयोगशाळेत कामाला होती, म्हणून तर सासऱ्यांनी मार्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "यंदा सफरचंदाला औषध कधी मारायचं ते केलिन सांगेल." घरच्या केलिनच्या, सुनेच्या शब्दावर तीन हेक्टरची बाग! एर्गशचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. खुर्शिदाने बागेत चार कामगंध सापळे टांगले. पुठ्ठ्याची उतरत्या छपराची घरटीच ती. आत मादी पतंगाच्या वासाची रबरी गोळी, खाली चिकटा. वासाला भुलून पतंग येतो आणि अडकतो. आठवड्याला एकेका घरट्यात पाचाच्या वर सापडायला लागले की समजायचं, आता फवारणीची वेळ. नाहीतर उगाच विष ओतायचं नाही. फुलोरा झडला त्या आठवड्यात मिळून सात सापडले. त्यानंतर शून्य. ती म्हणत राहिली, "थांबा." सगळे थांबले. आणि परवा एर्गशने व्यापाऱ्याला दाखवायला म्हणून टोपलीभर कोवळी फळं नेली, तर निम्म्या फळांत अळी.

आज तिचा शब्द खोटा ठरला, की बाग एर्गशच्या हातात जाणार होती. मग गेल्या दोन उन्हाळ्यांसारखं दर दहा दिवसांनी फवारणीचा ब्लोअर फिरणार, तोडणीपर्यंत. घर बागेच्या पोटात. खिडकीतून हात काढला तर फांदी लागते. त्याच दोन उन्हाळ्यांत खुर्शिदाची दोन पोरं पोटातच गेली होती. औषधामुळे गेली का, असं विचारल्यावर डॉक्टरीणबाईंनी नुसते खांदे उडवले. नवरा सोबिर दूर परदेशी, कझानला इमारतींवर काम करत होता, तो फोनवर म्हणे, "अकाशी वाद घालू नकोस." त्याच्या अकाशी, थोरल्या भावाशी, कोण वाद घालत होतं? तिला फक्त हे तिसरं वाचवायचं होतं. रात्र रात्र ती पोटावर हात ठेवून आढ्याकडे बघत पडायची.

ओल्या गवतात पावलं वाजली. एर्गशचाच माणूस असणार, तिने मनाशी पक्कं केलेलं. तिने पायाशी ठेवलेला दगड मुठीत घट्ट धरला.

झाडांमधून पांढरा रुमाल बांधलेलं डोकं पुढे आलं. एका हातात वाटी, दुसऱ्यात कोंबडीचं पीस. तिची सासू, होसियत. म्हातारीने चवड्यावर उभं राहून घरटं खाली ओढलं, पुठ्ठा बाहेर सरकवला, आणि पीस वाटीत बुडवून एका पतंगाच्या पायांशी हळूहळू फिरवायला लागली. लहान मुलाच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. ओठ हलत होते. पतंग सुटला. तिने तो तळहातावर घेतला, फुंकर घातली, आणि पानांत सोडून दिला.

खुर्शिदाच्या हातातला दगड पडला. "ओयी!" सासूला ती आई म्हणूनच हाक मारायची.

होसियत दचकली, तेल सांडलं. "तू? अगं, या दवात? वेड लागलंय का तुला?"

"ओयी, तुम्ही? रोज तुम्हीच?"

सासूने काही नाकारलं नाही. ती बांधावर बसली आणि वाटी रुमालाच्या टोकाने पुसायला लागली. सरकीच्या तेलाचा वास सुटला होता. घरात सगळ्यांच्याच कपड्यांना येतो तो वास, म्हणून तर खुर्शिदाला इतके दिवस संशय आला नव्हता.

"तुला माहीत नाही का, गुरुवारी आपण चल्पकाच्या पोळ्या कशाला तळतो?" होसियतने विचारलं.

"गेलेल्यांना वास पोचावा म्हणून."

"आणि वासाला ते कुठल्या रूपात येतात?"

हे कुणाला माहीत नव्हतं? संध्याकाळी दिव्याशी पतंग आला तर तिच्या माहेरीही कुणी तो मारत नसे. चिमूटभर पीठ टाकायचे त्याच्यासमोर. पण प्रयोगशाळेत सहा वर्षं पतंग मोजले तेव्हा एकदाही तिच्या मनात हे आलं नव्हतं.

"मी तुझ्याबरोबर आले होते ना एकदा, पहिल्या आठवड्यात," होसियत म्हणाली. "तू तो पुठ्ठा दाखवलास. त्याच्या पंखाच्या टोकाला बघितलंस? तांब्याच्या रंगाचा डाग असतो. अनोराच्या खांद्यावर अस्साच होता. तो डाग बघूनच आम्ही तिचं नाव ठेवलं होतं, डाळिंबावरून. आणि माझी पोर चिकट्यात पाय झाडत पडलीय, आणि तू म्हणतेस, एक."

या घरात आठ वर्षं काढूनही खुर्शिदाने अनोराचं नाव फक्त दोनदा ऐकलं होतं, दोन्ही वेळा कुजबुजत. एर्गशच्या आधीची मुलगी, सहाव्या वर्षी तापाने गेली, एवढंच.

"ताप नव्हता गं," होसियत म्हणाली. "कापसाची पानं गाळायला विमानातून औषध टाकायचे. पोरं शेतातच होती, वेचणीला लावलेली. संध्याकाळी नाकातोंडातून फेस, आणि सकाळी..." तिने बोटं मिटली. "ह्यांना सांगू नकोस. तुझ्या पाया पडते. ह्यांच्यासमोर तिचं नाव काढलं तर हे तीन-तीन दिवस जेवत नाहीत. त्या दिवशी बांधावर झेंडा घेऊन उभे होते हे. विमानाला खूण करायला. सामूहिक शेतावरच्या ब्रिगेडचे मुख्य होते ना."

दोन गोष्टी खुर्शिदाच्या जिभेवर आल्या होत्या. तेल लागलेला पतंग संध्याकाळपर्यंतही जगत नाही, ही एक. दुसरी तर त्याहून वाईट. तिने दोन्ही गिळल्या आणि सासूला हात देऊन उठवलं.

"नाही सांगत," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण घराकडे चालताना तिला भान आलं. ह्या एका शब्दापायी आपण पोटातलं पोर पणाला लावलं की काय!

एर्गश अकराच्या सुमाराला आला. गाडीच्या मागे निळा पिंप दोरीने बांधलेला. तो उतरला, बापाच्या हातात हात देऊन, छातीवर हात ठेवून वाकला, आईला मिठी मारली, आणि तुतीखालच्या लाकडी बाजेवर, तापचानवर, मांडी घालून बसला. समोर नान, चहा, ताज्या तळलेल्या चल्पकांची चळत. तुर्गुनबायने, म्हणजे खुर्शिदाच्या सासऱ्याने, स्वतः नान मोडून त्याच्यापुढे ठेवला. एर्गशने खिशातून तीन सफरचंदं काढली, चाकूने कापली आणि बापापुढे मांडली. प्रत्येकात एक गुलाबीसर अळी वळवळत होती.

"घ्या, अदा. सुनेच्या बागेची फळं."

तुर्गुनबायने एक फोड उचलून डोळ्यांजवळ नेली. सत्तरीच्या घरातला माणूस, पण बागेत त्याची नजर अजून कुणाला हार जात नव्हती.

"मी काय म्हणतोय," एर्गश म्हणाला, "मी काही कुणाचा वैरी नाही. पण चार कागदी खोकी टांगून शेती होते का? माझा व्यापारी हसला. म्हणाला, तुमच्याकडे आता सुना शेती बघतात वाटतं. खाली मान घालून ऐकून घेतलं मी."

"हसू दे त्याला," तुर्गुनबाय म्हणाला. "केलिन, इकडे ये."

खुर्शिदा चहाची किटली ठेवून तापचानच्या कोपऱ्याशी उभी राहिली. हात पोटावर होते.

"तू म्हणाली होतीस, पाचाच्या वर गेले की सांगेन. कधी गेले?"

"नाही गेले, अदा. वहीत शून्य आहे."

"मग ह्या अळ्या काय आभाळातून पडल्या?"

तिने सासूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच रडू फुटलं असतं. "चिकटा जुना असेल," ती म्हणाली. "किंवा माझं मोजायला चुकलं. चूक माझी आहे."

"झालं!" एर्गशने मांडीवर थाप मारली. "स्वतःच सांगतेय. अदा, आजपासून दर दहा दिवसांनी फवारणी. पिंप आणलाय, ब्लोअर मागच्या गोठ्यात आहे, तासाभरात सुरू करतो. आणि हिला त्रास होत असेल तर जाऊ दे माहेरी."

"चार महिने?" तुर्गुनबाय म्हणाला. "भरल्या पोटाची सून चार महिने माहेरी बसली तर गल्लीत काय म्हणतील?"

"मग खिडक्या लावून बसू दे. सगळ्या बायका बसतात." एर्गश जरा नरमला, मनाने तो दुष्ट नव्हता, घाबरलेला होता, त्याच्याही घरी तीन पोरं होती आणि सगळी याच बागेवर वाढत होती. मग वातावरण हलकं करावं म्हणून तो हसला. "तसं तिचं डोकं चालतं हं. काय युक्ती! मादीचा वास लावायचा आणि खोऱ्यातले सगळे नवरदेव गोळा करायचे. अहो अदा, त्या खोक्यात नुसते नरच येतात. नवरी एकसुद्धा नाही! वरात आली आणि सगळी चिकटली—"

किटलीतून चहा पियाल्यात पडत होता, तो काठावरून वाहायला लागला, तरी होसियतचा हात थांबेना. चहा दस्तरखानावर पसरला, नानखाली गेला.

"ओयी, सांडतोय!" एर्गश ओरडला.

"नुसते नर?" होसियतने विचारलं. ती खुर्शिदाकडे बघत होती. "पोरी, हा काय म्हणतोय? सगळे नर?"

सकाळी जी गोष्ट गिळली होती, ती अशी समोर येऊन उभी राहिली. खुर्शिदाला खोटं बोलता आलं असतं. पण त्या नजरेसमोर तिची जीभ वळली नाही. "हो, ओयी. ह्या वासाला फक्त नरच येतात."

"एकही मुलगी नाही?"

"नाही."

"म्हणजे ती नव्हतीच," होसियत म्हणाली. तिने किटली खाली ठेवली, उठली, आणि घरात गेली. एर्गश आधी बापाकडे, मग भावजयीकडे बघत राहिला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात रुंद तोंडाचं मातीचं गाडगं होतं. ते तिने नवऱ्यासमोर उपडं केलं. जर्दाळूच्या बिया घरंगळल्या, मधेच अक्रोड.

"एर्गशचे अदा, केलिनची चूक नाही. पतंग मी सोडवले. रोज पहाटे, तेल लावून. मला वाटलं, अनोरा येतेय."

नाव उच्चारलं गेलं. तुर्गुनबायचा चेहरा राखेसारखा झाला. तो आता उठून जाणार, तीन दिवस जेवणार नाही, हे खुर्शिदाला स्पष्ट दिसत होतं, आणि भीतीने तिने तापचानचा खांब धरला.

"एकेका पतंगामागे एक दुवा म्हटली आणि एक बी टाकली," होसियत सांगत होती, रडत नव्हती. "गुरुवार आला की अक्रोड. मूर्ख बाई मी. सगळे नर होते म्हणे. माझी पोर एकदासुद्धा आली नाही."

तुर्गुनबाय जागचा उठला नाही. तो बोलला, पण इतक्या हळू की एर्गशला पुढे वाकावं लागलं.

"मुलगेही होते."

"काय?"

"त्या दिवशी शेतात. आपली एकटीच नव्हती. रहमतचा धाकटा होता. पाणक्याचे दोघं. नऊ पोरं होती तिथे, चार गेली." तो बियांकडे बघत होता. "विमान येतंय हे मला सकाळीच कळवलं होतं. म्हटलं, एवढी ओळ संपू दे, मग पोरांना हाकलतो. ओळ संपायच्या आत आलं ते. मी झेंडा खाली केला असता तर वळलं असतं. नाही केला. वरून विचारलं असतं ना, झेंडा का खाली केलास." त्याने बायकोकडे पहिल्यांदा पाहिलं. "मुलगेही होते, एर्गशची आई. तेच आले असतील. तू त्यांना सोडवलंस, चांगलं केलंस."

होसियतने रुमालात तोंड लपवलं. एर्गश दगडासारखा बसला होता. पस्तीस वर्षांच्या माणसाला आपल्या बहिणीचा ताप खोटा होता हे आज कळत होतं. गाडीत बांधलेल्या निळ्या पिंपाकडे त्याची नजर गेली आणि त्याने ती चटकन वळवली.

आणि खुर्शिदा? तिला स्वतःची लाज वाटली, पण तिचे डोळे त्या बियांवरून हलेनात. एक बी, एक पतंग. एक अक्रोड, एक आठवडा. अगं बाई, हिने तर माझी वहीच लिहून ठेवलीय!

"ओयी," ती पुढे झाली, "सगळं एकत्र सांडलंय. कुठल्या गुरुवारी किती, आठवतंय?"

होसियतने रुमाल बाजूला केला. "न आठवायला काय झालं? पहिल्या अक्रोडापर्यंत नऊ. मग चौदा. मग एकतीस, तेव्हा मला वाटलं, सगळं कुळ आलं. मग सव्वीस. ह्या आठवड्यात आठ."

खुर्शिदा बोटांवर हिशेब करायला लागली. एकतीस म्हणजे मे महिन्याचा मध्य. तेव्हाच फवारायला हवं होतं. अंडी फुटायला आठ-दहा दिवस, मग अळी फळात शिरते, तीन आठवडे आत राहते. "अका," तिने दिराला म्हटलं, "आज औषध मारून उपयोग नाही. बहुतेक अळ्या फळांच्या आत आहेत, औषध तिथे पोचत नाही. थोडी अंडी उरलीत, त्यांच्यासाठी मी प्रयोगशाळेतून अंडी खाणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांची कार्डं आणते. दहा दिवसांत अळ्या बुंध्यावरून उतरतील. आपण गोणपाटाचे पट्टे बांधू, त्यात लपल्या की जाळायच्या. किडकी फळं वेचून बाहेर काढायची. जुलैत पतंग परत येतील. तेव्हा सापळ्याने सांगितलं तर फवारू. एकदाच, नेमक्या दिवशी."

"आणि चुकलीस तर?"

"तर निम्मी बाग गेली," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

एर्गशने बापाकडे पाहिलं. तुर्गुनबायने एकेक बी उचलून गाडग्यात टाकायला सुरुवात केली होती.

"पिंप परत ने," तो म्हणाला. "जुलैत आण. ज्या दिवशी केलिन सांगेल त्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका-पोरांना आदल्या संध्याकाळीच तुझ्याकडे पाठवायचं. फाटकावर मी उभा राहीन. आत कुणी उरलेलं नाही हे मी स्वतः बघितल्याशिवाय ब्लोअर सुरू व्हायचा नाही."

"तुम्ही कशाला, अदा? मी—"

"मी उभा राहीन म्हटलं ना!"

एर्गशने चहात भिजलेला नान उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

तिसऱ्या प्रहरी खुर्शिदा नवे चिकट पुठ्ठे घेऊन बागेत निघाली, तेव्हा होसियत मागोमाग आली. तिच्या हातात वाटी होती. सकाळच्या गडबडीत चौथ्या घरट्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. आत एक पतंग होता, जिवंत. एक पंख मोकळा, तो थरथरत होता, आणि टोकाचा तांबूस डाग उन्हात चमकत होता.

"हा असाच राहणार?" होसियतने विचारलं.

"हो, ओयी."

"किती वेळ?"

"संध्याकाळपर्यंत. कधी सकाळपर्यंत."

म्हातारीची बोटं वाटीच्या काठावर घट्ट झाली. खुर्शिदाला तिच्याकडे बघवेना. सासूने पीस उचललं असतं तर तिला अडवायचं बळ आपल्यात नाही, हे तिला कळत होतं. पोटात पोराने पाय मारला, आणि ती तशीच उभी राहिली.

होसियतच्या तोंडून दुवा निघाली, सबंध, एकही शब्द न गाळता. मग तिने वाटी गवतात उपडी केली. कमरेच्या गाठीतून जर्दाळूची एक बी काढली आणि सुनेच्या तळहातावर ठेवली.

"एक," ती म्हणाली. "लिही."